सिरक्याच्या कॅनचा प्लास्टिक नळ जाम झालाय, पाना कोणता घेऊ?

रावेरी_केळं

नमस्कार मंडळी. दोन दिवस झाले एका नळाशी झोंबतोय, म्हणून इथे आलो.

मागे केळीचा भाव पडला तेव्हा कापणीनंतर उरलेल्या फण्यांचा सिरका करून बघितला. घरापुरताच, विक्री नाही. तीस लिटरचा पांढरा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) कॅन आहे. तळाशी अर्ध्या इंचाचा प्लास्टिक नळ, आतून प्लास्टिकचाच चेकनट (नळ आतून आवळून धरणारा नट), दोन्ही बाजूंनी रबरी वायसर. पहिल्या दोन खेपा झकास निघाल्या. तिसरी काढली आणि कॅन धुवायला घेतला, तर नळाच्या खोबणीत केळ्याचा काळपट चिकटा वाळून बसलेला. म्हटलं नळ खोलून नीट धुवू. तिथेच अडकलो.

आधी नळ आणि आतला नट दोन्ही सोबतच फिरत होते. मग शेजारच्या काकांचा बारा इंची पाईप पाना आणून बाहेरून नळ धरला, कॅनच्या तोंडातून खांद्यापर्यंत हात घातला आणि पकडीने आतला नट फिरवला. पाव फेरा हलल्यासारखं वाटलं, नंतर दगड. नटाचे दोन कान पकडीने खाल्ले. नळावर पान्याचे दात उमटलेत. वायसर नळाच्या कडेने जिभेसारखा बाहेर डोकावतोय.

आता विचार आहे की एकदाच नीट हत्यार घ्यावं. हार्डवेअरवाला म्हणतो चेन पाना घ्या. नेटवर पट्ट्याचा पाना दिसतो. मेहुणा म्हणतो आरओची (पाण्याच्या फिल्टरची) चावी चालेल. तिन्हीतलं एक सांगा, नाहीतर चौथं सांगा. आणि हो, दुसऱ्या कॅनचं झाकणही घट्ट बसलंय, पण ते नंतर.

शेवभाजी_जास्त_तिखट

सिरका म्हणे! पहिल्या टप्प्यात त्या कॅनमध्ये काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे भाऊ 😄

रावेरी_केळं

माहीत होतं हा प्रश्न येणार. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं आणि मग हवा मिळाली की जिवाणू त्याचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड करतात, हे शाळेच्या पुस्तकातच आहे. माझ्याकडे पहिल्या टप्प्यानंतर लगेच झाकण काढून फडकं बांधतो आणि आधीचा सिरका विरजणासारखा घालतो. पिण्याजोगं काही हाती लागत नाही, सासरेबुवांनी खात्री करून घेतली आहे.

तापीकाठ

थट्टा सोडा, पण कुणाला यावरून वाईनची हुक्की आली तर लक्षात असू द्या, आपल्याकडे दारूबंदी अधिनियम १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं त्यात बसत नाही. धागा नळाचा आहे, नळावरच राहू द्या.

भुसावळ_फिटर

रेल्वेच्या लोको शेडमध्ये उभी नोकरी गेली, आता घरी बसून नातवाच्या सायकली दुरुस्त करतो. शेडमध्ये पाईप पान्याशिवाय आमचं पान हलायचं नाही, म्हणून त्याच्याबद्दल वाईट बोलताना जिवावर येतं. पण प्लास्टिकवर तो पाना लावणाऱ्याचे हात बांधून ठेवायला हवेत.

कारण सांगतो. पाईप पान्याच्या जबड्याला तिरके दात असतात. तुम्ही जितका जोर लावाल तितका तो जास्त चावतो, त्याची रचनाच तशी आहे. लोखंडी पाईपला ते सोसतं. प्लास्टिकचा नळ दोन बाजूंनी चेपला की तो गोल राहत नाही, अंड्यासारखा होतो. बाहेरचा भाग अंड्यासारखा झाला की त्यातले आटेही तसेच होतात, आणि अंड्याच्या आकाराच्या आट्यात गोल आटा फिरत नाही, रुततो. म्हणजे तुम्ही सोडवायला जितका जोर लावता तितकंच ते जाम करता. पकडीचंही तेच, फक्त तिची मिठी छोटी.

दुसरं, दांड्याची लांबी. बारा इंची पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर सहज लागतो. तुमचा नट चार सेंटिमीटर व्यासाचा धरा. तेवढाच पीळ नुसत्या बोटांनी नटाच्या कडेवर आणायचा तर तीनशे किलोचा जोर लागेल. ज्या नटाला हाताने घट्ट करून वर पाव फेरा एवढंच द्यायचं असतं, त्याला तुम्ही तीनशे किलो दाखवताय.

चेन पाना तर नावही काढू नका. साखळी गोलाकार धरते हे खरं, पण कड्या एकेका रेषेवर टेकतात आणि तिथे प्लास्टिक कातरतात.

घ्यायचा तर पट्ट्याचा पाना घ्या. आमच्याकडे गॅरेजवाले ऑइल फिल्टर खोलायला वापरतात तोच. पट्टा भोवताली सगळीकडून सारखा दाबतो, त्यामुळे गोल वस्तू गोलच राहते. दोन प्रकार मिळतात, रबरी पट्ट्याचा आणि विणलेल्या नायलॉन पट्टीचा. रबरी कोरड्या गुळगुळीत प्लास्टिकवर छान धरतो. ओला किंवा तेलकट झाला की घसरतो आणि जास्त ओढला तर ताणला जातो. विणलेला ताणत नाही, पण गुळगुळीत झाकणावर सरकतो, मग खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा लागतो.

मात्र तुमच्या आतल्या नटाला हा पाना लागणारच नाही. कॅनच्या आत हात जेमतेम जातो, तिथे पट्टा कुठे गुंडाळणार? तो बाहेर नळ धरायला आणि झाकणासाठी. आतल्यासाठी वेगळं काहीतरी लागेल.

धुळ्याचा_आरओवाला

मेहुण्याच्या चावीबद्दल मी बोलतो, रोजचा धंदा आहे. आरओच्या पहिल्या फिल्टरच्या भांड्याला बाहेरून उभ्या पट्ट्या असतात आणि ती चावी बरोबर त्या पट्ट्यांत बसायलाच बनवलेली असते. दहा इंची भांड्याची चावी दुसऱ्या कशाला बसत नाही. नळाला लावाल तर गोल-गोल फिरेल. मेहुण्याला नमस्कार सांगा.

एक मात्र शिकण्यासारखं आहे. नवी पोरं भांडं खूप आवळतात आणि सहा महिन्यांनी मलाच शिव्या घालत चावीला पाईप लावून खोलतात. पाणी रबरी रिंगने अडतं, आट्याने नाही. रिंग स्वच्छ असेल तर हाताने बसवलेलं भांडंही गळत नाही.

नवार

पाना घ्यायच्या आधी घरातली खाट बघा. जुन्या खाटेची नवार पट्टी हातभर घ्या, झाकणाला किंवा नळाच्या गोल भागाला दोन वेढे द्या, दोन्ही टोकं एकत्र करून त्यात बेलनं अडकवा आणि पीळ भरा. पट्टी आवळत जाते आणि बेलनं दांड्याचं काम करतं. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, सरकत नाही. आमच्या आजीच्या काळापासून लोणच्याच्या बरणीचं झाकण असंच उघडतं. वेढे मात्र अशा दिशेने द्या की फिरवताना पट्टी आवळेल. उलटे दिलेत तर सैल होत राहील आणि तुम्ही खाटेला शिव्या द्याल.

शेवभाजी_जास्त_तिखट

बेलनं मोडलं तर पोळ्या कुणाच्या घरी?

वाघूर

काय शे हाई? एक नळ खोलाले दोन दिन? उकळतं पाणी ओता भाऊ, कुठलंही प्लास्टिक ढिलं पडतं. विषय संपला.

ड्रिप_आणि_धीर

असं नही व्हस वाघूरभाऊ. चोवीस एकर ठिबक आहे, गरम पाण्याने मी स्वतः नुकसान करून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गरम पाणी कधी ओतायचं हे आत कोण आणि बाहेर कोण यावर ठरतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई तापल्यावर लोखंडाच्या दहापट किंवा त्याहून जास्त फुगतं. पीव्हीसी साधारण पाचपट. म्हणजे आत धातूचा निपल (बाहेरून आटे असलेला छोटा पाईप) आणि बाहेर प्लास्टिकचा नट असेल तर गरम पाण्याने नट मोठा होतो, निपल तिथेच राहतो आणि नट सुटतो. पण बाहेर जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) सॉकेट आणि आत पीव्हीसीचा आटा असेल तर? आतलंच फुगतं आणि पक्कं बसतं. माझ्या पंपाजवळ हेच झालं. मुलाने किटलीभर उकळतं पाणी ओतलं आणि पीव्हीसीचा आटा सॉकेटमध्येच तुटून राहिला. तिथे बर्फ लावायला हवा होता.

केळीवाल्या भाऊंसारखं दोन्ही प्लास्टिक असेल तर दोन्ही सारखंच फुगतं, फायदा होत नाही. फक्त एक युक्ती चालते. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं निव्वळ बाहेरच्या भागावर अर्धा मिनिट गुंडाळायचं आणि उष्णता आत पोचायच्या आत फिरवायचं. प्लास्टिकमधून उष्णता हळू जाते, तेवढा वेळ मिळतो.

पाणी उकळतं नको. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, पाण्याच्या बाटलीचं पीईटी प्लास्टिक तर त्याही आधी आकसतं. एचडीपीई उकळत्या पाण्यात वितळत नाही, पण मऊ पडतं, आणि मऊ पडलेल्या आट्यावर पाना लावला की आटे घसरतात. हात दोन सेकंदही ठेववणार नाही इतकं गरम पुरे. 

आणखी एक. इथे बोअरचं पाणी जड. ठिबकच्या फिल्टरवर आणि फ्लश व्हॉल्वच्या आट्यात जो पांढरा थर बसतो, तो पान्याने नाही, आंबटाने सुटतो. किराणा दुकानात मिळणारं निंबूसत कोमट पाण्यात विरघळवा, कापूस भिजवून आट्याच्या फटीत रात्रभर ठेवा. तुमच्याकडे तर सिरकाच आहे, वेगळं आणायचीही गरज नाही. चिकटा साखरेचा असेल तर साधं कोमट पाणी आणि वेळ. वाळलेली साखर गोंदासारखी धरते, पण पाण्यात विरघळतेच.

वाघूर

मान्य. पण टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड लावलं तर रात्रभर थांबावं लागणार नाही.

ड्रिप_आणि_धीर

खाण्याच्या भांड्याला ते लावू नका. आणि कॅन ब्लीचिंग पावडरने धुतलेला असेल, बरेच जण धुतात, तर त्यावर अ‍ॅसिड पडताच क्लोरीन वायू सुटतो. कॅनमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला तो कसा लागेल याचा विचार करा.

अमळनेरची_माहेरवाशीण

दुसऱ्या कॅनचं झाकण "नंतर" असं म्हणालात, पण आधी त्याचंच बघा भाऊ. त्याची बुडबुड्याची नळी, आतला वायू बाहेर सोडणारी, मोकळी आहे का? मी आल्याचं आंबवलेलं सरबत करते. मागे नळीत फेस वाळून ती बंद झाली आणि झाकण जाम झालं. मी चिकट्यामुळे समजत होते. आत वायू कोंडला होता.

हिशोब करा. झाकण दहा सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ जवळपास ७८ चौरस सेंटिमीटर. आत चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब जास्त असला तरी झाकण आतून ३९ किलोने वर ढकललं जातंय. तेवढं वजन आट्यावर पडलं की हाताने कसं फिरणार? आणि पाना लावून शेवटचा आटा सुटला की झाकण तोंडावर येणार. माझं छताला लागलं. घरमालकीण अजून तो डाग दाखवते.

कॅन कडेने फुगलाय का बघा, अंगठ्याने दाबा. ताठ लागला तर आधी नळी काढा, नाहीतर नळ हळूच उघडा, फुस्स होऊ द्या. बरेचदा मग झाकण दोन बोटांनी निघतं.

रावेरी_केळं

ताई, पायच धुवावेत तुमचे! कॅन खरंच ताठ होता. नळी उपसली तर बाटलीतून सोडा सुटल्यासारखा आवाज झाला, नळीच्या बुडाशी केळ्याचा दोरा अडकलेला. झाकण नुसत्या ओल्या फडक्याने निघालं. पाना लागलाच नाही.

पहिल्या कॅनचा नट मात्र तसाच. काल रात्रभर आत चार लिटर सिरका ओतून ठेवला, चिकटा सगळा सुटला, खोबणी चकचकीत. गॅरेजमधून पट्ट्याचा पाना आणला, बाहेरून नळ मस्त धरतोय. पण आतला नट पकडीला येत नाही आणि हाताने हलत नाही. वायसर आता आणखीच बाहेर आलाय.

सांडस

गंजावरचा स्प्रे मारा दोन बाजूंनी.

धुळ्याचा_आरओवाला

प्लास्टिकला गंज कुठून येणार? वरून त्यातलं खनिज तेल साध्या रबराचे वायसर फुगवतं. फिल्टरच्या पारदर्शक भांड्यावर असा स्प्रे मारला आणि आठवड्याने त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या, असं मी दोनदा पाहिलंय. रॉकेलचा तर सिरक्याला वासच लागेल. बसवताना वायसरवर लावायचं असेल तर खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस, बोटाच्या टोकावर मावेल इतकंच. वायसरच सिलिकॉनचे असतील तर तेही नको, ते फुगतात.

पन्हाळी_पाईप

आतल्या नटासाठी माझा जुगाड. बेसिनच्या मागचा नट काढताना केला होता, तोच इथे चालेल.

दोन इंची पीव्हीसी पाईपचा हातभर तुकडा घ्या. नट त्याच्या तोंडात सैलसर मावला पाहिजे, नाही मावला तर पुढचा माप घ्या. आता नटाच्या कानांकडे बघा, किती आहेत आणि किती जाड. कागदाची पट्टी नटाभोवती गुंडाळून कानांच्या जागी पेनने खुणा करा, तीच पट्टी पाईपच्या टोकाला गुंडाळून खुणा उतरवा. प्रत्येक खुणेवर हॅक्सॉने दोन उभे काप, कानाच्या जाडीपेक्षा केसभर जास्त रुंद, दीड सेंटिमीटर खोल, मधला तुकडा पकडीने मोडून काढा. कानसने कडा साफ करा. पाईपच्या दुसऱ्या टोकाला आरपार भोक पाडून स्क्रूड्रायव्हर घाला, तो झाला दांडा.

पाईप आत घातला की खाचांत सगळे कान एकदम बसतात. जोर दोन कानांवर न येता सगळ्यांवर वाटला जातो. आणि पाईप पीव्हीसीचा असल्यामुळे जास्त जोर लागला तर आधी पाईप मोडतो, नट वाचतो.

तुमच्यात एक अडचण दिसते. बेसिनचा नट सरळ खालून समोर असतो. तुमचा नट कॅनच्या भिंतीवर आडवा आहे आणि तोंड वर. सरळ पाईप कसा पोचवणार?

रावेरी_केळं

तेच विचारणार होतो. मग पाईप लहान कापू? बोटभर लांबीचा, हातात धरून?

पन्हाळी_पाईप

हो, चार बोटं लांब ठेवा. दांड्यासाठी भोकात लहानसा खिळा किंवा बोल्ट. हात आत गेला तर पुरे.

भुसावळ_फिटर

थांबा. पाईप कापायच्या आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमचा पहिला मजकूर परत वाचला. तुम्ही म्हणता, पाव फेरा हलला आणि मग दगड झाला. वायसर जिभेसारखा बाहेर आला. काल म्हणता आणखीच बाहेर आला.

नट सुटत असेल तर वायसर बाहेर का येईल? सुटताना वायसर सैल पडतो, आत जातो. तो बाहेर पिळून येतोय म्हणजे त्याच्यावर दाब वाढतोय. तुम्ही आतला नट कोणत्या बाजूला फिरवताय?

रावेरी_केळं

घड्याळाच्या उलट. सगळेच आटे असे सुटतात ना?

भुसावळ_फिटर

घड्याळ कुठून बघताय? तुम्ही कॅनसमोर, नळाकडे तोंड करून बसलाय, हात वरून आत. तुमच्या डोळ्यांना घड्याळाच्या उलट म्हणजे कॅनच्या आत बसून बघणाऱ्याला घड्याळाप्रमाणे. आटा कोणत्या बाजूला सुटतो हे नटाच्या बाजूने बघून ठरतं, तुमच्या खुर्चीतून नाही.

भाऊ, तुम्ही दोन दिवस नळ आवळताय.

शेवभाजी_जास्त_तिखट

🙏🙏🙏 जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, या नळाला पण द्या.

वाघूर

😂 माझं उकळतं पाणी उगाच बदनाम झालं.

भुसावळ_फिटर

हसू नका रे, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला मी डब्याखाली आडवं पडून असं करताना पाहिलंय. तो माणूस मीच. तेव्हापासून उलट्या बाजूचं काम आलं की नटावर खडूने बाण काढतो, हात आत गेला की डोकं चालत नाही.

केळीवाले भाऊ, सोपी खूण. आतला नट स्थिर धरून बाहेरचा नळ फिरवा, तो तुमच्या डोळ्यांसमोर आहे, त्याला घड्याळाच्या उलट. आत फक्त धरायचं, फिरवायचं नाही. पट्ट्याचा पाना नळावर, पन्हाळींचा पाईप आत धरायला. आता तो आवळलाय खूप, म्हणून खाचांचा पाईप लागेलच.

रावेरी_केळं

आत्ता कळवतो.

(तीन तासांनी)

सुटला!

पाईप दोन इंची बसला नाही, नटाच्या आजूबाजूला ढिला पडत होता, दीड इंचीत बरोबर बसला. सहा कान होते, दोन पकडीने आधीच खाल्लेले, म्हणून चारच खाचा कापल्या. डाव्या हाताने आत पाईप धरला, उजव्या हाताने पट्ट्याचा पाना नळावर. पहिल्या ओढीत काही नाही. दुसऱ्या ओढीत एक करकर आवाज, मला वाटलं पाईप गेला, पण नटच हलला होता. पुढचे आटे बोटांनी निघाले.

आतला वायसर एका बाजूने फाटलाय आणि कागदासारखा पातळ झालाय. नळ धुऊन नव्या वायसरने पुन्हा बसवला, हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा दिला, टेफ्लॉन टेप लावली नाही. कॅनमध्ये पाणी भरून बघितलं तर वायसर कोरडा, पण नळाच्या मानेतून थेंब येतोय. पाईप पान्याच्या एका दाताच्या खुणेवर केसाएवढी चीर पडलीय. म्हणजे नळ नवाच आणावा लागेल.

काकांना पाना परत दिला. पट्ट्याचा ठेवून घेतला, बायकोने लगेच लोणच्याच्या बरण्यांवर लावलाय.

नवार

म्हणजे खाटेची पट्टी वाचली.

धुळ्याचा_आरओवाला

नवा नळ आणताना पितळी घेऊ नका हो. सिरक्यात पितळ हिरवं पडतं आणि ते पोटात जातं. प्लास्टिकच घ्या, आणि चेकनट मोठ्या कानांचा बघून घ्या, दुकानात दोन-तीन प्रकार असतात, हाताने धरून बघा.

रावेरी_केळं

घेतो. कान मोजूनच घेतो.